मास्तरांचं माप चुकलं

"तुमचं ध्यान आटोपलं की सांगा हं. मी इथंच थांबतो."

कुंपणापलीकडून आवाज आला तेव्हा ऑपरेटरबाईंचा उजवा हात कोपरापर्यंत फिल्टरच्या पेटीत होता आणि डावा गुडघा असा रुसून बसला होता की उठायचं नाव घेईना.

"ध्यान कसलं डोंबलाचं!" मान न वळवताच त्या म्हणाल्या. "गुडघा अडकलाय. बघत काय उभे राहिलात? फाटक उघडंच आहे."

फाटक वाजलं. एक उंचच उंच, काटकुळे गृहस्थ आत आले. गळ्यात मोजपट्टी, शर्टाला रंगीबेरंगी दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले. शेजारी बहिणीकडे नुकतेच राहायला आलेले टेलरमास्तर हेच, हे बाईंनी ओळखलं.

"मघापासून खिडकीतून बघतोय," मास्तर म्हणाले. "म्हटलं, काय ही एकाग्रता!"

"म्हणजे मी इथे अडकले होते आणि तुम्ही तिथून कौतुक करत होतात?"

"चूक झाली. हात द्या."

बाईंनी हात दिला. हात ओला, वर शेवाळ लागलेलं, पण मास्तरांनी तो भारी रेशमाचा तागा उचलावा तसा जपून धरला. बाई उभ्या राहिल्या. मग त्यांनी हात सोडवून घेतला खरा, पण जरा उशिराच... आणि हे लक्षात आल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला. नातवंडं असलेल्या बाईनं असं बावचळायचं म्हणजे काय!

बाईंनी उभं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलं होतं. कानाला यंत्र लावून लोकांचे फोन लोकांना जोडून द्यायचे आणि आपण बाजूला व्हायचं. नवरा गेला, नोकरी संपली, लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, आणि बोलायला उरलं ते मागच्या बागेतलं तळं. तळं कसलं, मोठ्या जेवणाच्या टेबलाएवढं. त्यात नारिंगी मासे, कडेला दोन कमळाची पानं. पंप तळ्यातलं पाणी फिल्टरच्या पेटीत ढकलायचा, तिथल्या स्पंजांमधून गाळून ते परत तळ्यात पडायचं. आता ही पेटी काठाशी जमिनीत पुरलेली. बसवली तेव्हा बाई तरण्याताठ्या होत्या, वाकणं म्हणजे काय ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आता दर आठवड्याला गुडघे टेकून, भिजल्या रजईसारखे जड झालेले ते स्पंज वर ओढायचे म्हणजे शिक्षाच होती.

"द्या, मी पिळतो," म्हणत मास्तर स्पंज घेऊन नळाकडे निघाले.

"अहो, नळाखाली नको! बादलीत तळ्याचंच पाणी घ्या. पाणी साफ ठेवणारे जंतू त्या स्पंजातच असतात, ते मेले तर मासे जातील."

"म्हणजे सगळी घाण काढायची नाही?"

"सगळी कशी काढाल? थोडी ठेवायची."

"हे माझ्या बहिणीला सांगा एकदा," मास्तर म्हणाले. "माझी खोली बघून रोज बोलते."

बाई हसल्या. मोठ्यानं हसल्या, आणि आपला हसण्याचा आवाज आपल्याच बागेत ऐकून त्यांना नवल वाटलं.

पुढच्या आठवड्यात मास्तर आपणहून आले. त्याच्या पुढच्याही. स्पंज पिळून झाले की पायरीवर चहा व्हायचा. मास्तर बोलायचे, बाई ऐकायच्या. मग एक दिवस बाईच बोलत सुटल्या, आणि चहा गार झाला तरी मास्तर जागचे हलले नाहीत.

"तुमचं हे तळं मी तुमच्या मापानं करून देतो," एकदा ते म्हणाले. "पेटी जमिनीतून काढून स्टँडवर ठेवू. खाली तोटी, फिरवली की गाळ आपोआप बाहेर. एवढाले स्पंज कापून लहान करू, आणि प्रत्येकाला जाळीची पिशवी शिवतो, वर बंद लावून. दोन बोटांनी उचलाल. पंपाला दोरी बांधू, उभ्या उभ्या वर ओढायचा. वाकायचं नावच नको."

"फारच छान," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. वाकायचं नाव नको म्हणजे... मास्तरांचंही काम नको. मग हा माणूस यायचा कशाला?

पण म्हणणार काय? करू नका म्हणणार?

काम सुरू झालं, आणि गंमत अशी की ते पुढे सरकेचना. एका आठवड्याला मास्तर एक पिशवी आणायचे. कधी "तोटी मिळाली नाही," कधी "जाळीचं कापड संपलं". ज्या माणसानं म्हणे लग्नाचे कपडे आदल्या दिवशी शिवून दिले होते, त्याला बटव्याएवढी पिशवी शिवायला आठवडा लागत होता! एक पिशवी बाईंनी उजेडात धरून पाहिली. शिवणीशेजारी सुईची जुनी भोकं दिसत होती. शिवून उसवली होती, परत शिवली होती. बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि गंभीर चेहरा करून म्हणाल्या, "बंद जरा आखूड वाटतोय का हो?"

"वाटतोय ना?" मास्तर लगेच म्हणाले. "मलाही वाटलंच. घेऊन जातो."

दोघंही एकमेकांकडे न बघता चहा प्यायली.

असं आणखी किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण मास्तरांना ताप आला, आणि नेमक्या त्याच आठवड्यात पानं अडकून पाण्याची धार बंद पडली. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. बाईंना राहवेना. त्या खाली बसल्या, आणि लेक अचानक भेटायला आली ती आईला चिखलात गुडघे टेकलेलं बघायलाच.

"आई, बस झालं आता. कुणाला तरी मासे देऊन टाकू. पुढच्या रविवारी माणूस बोलावते, माती टाकून तळं बुजवू."

"अगं पण—"

"पण नाही नि बिण नाही. हाड मोडलं म्हणजे?"

ही बातमी मास्तरांपर्यंत पोचली, आणि ताप उतरायची वाट न बघता ते कामाला भिडले. शेजारच्या घरातून करवतीचा आवाज, शिवणयंत्राचा आवाज, आणि "अहो दादा, झोपा की!" असा बहिणीचा आवाज येत राहिला. रविवार उजाडला तेव्हा स्टँड उभा होता, त्यावर पेटी, पेटीत पिशव्या, खाली चकचकीत तोटी. लेक दाराशी हाताची घडी घालून परीक्षकासारखी उभी होती.

मास्तरांनी तोटी फिरवली. काळं पाणी भसकन् बादलीत आलं. पंपाची दोरी ओढली, पंप वर आला. झाकण उघडलं, पिशवी उचलली, पिळली, ठेवली. सगळं ताठ उभं राहून.

"आता आई, तू," लेक म्हणाली.

बाई पुढे झाल्या, आणि पेटीचं झाकण त्यांच्या हनुवटीला लागलं.

त्यांनी टाचा उंचावल्या. तरी आतलं काही दिसेना. बाई बुटक्या होत्या, आणि स्टँड होता मास्तरांच्या कमरेला बरोब्बर.

"मास्तर," लेकीनं विचारलं, "माप कुणाचं घेतलंत?"

मास्तरांनी स्टँडकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"आजवर माझ्या हातून कुणाची बाही बोटभर चुकली नाही," ते पुटपुटले. "पण हे करताना... झाकण कोण उघडतंय ते डोळ्यांपुढे आणायचो ना, तर मीच दिसायचो. दर वेळी मीच. पुढच्या वर्षीही, त्याच्या पुढच्या वर्षीही. माफ करा बाई. विचारायचं राहूनच गेलं."

लेकीनं आईकडे पाहिलं. आईचे डोळे भरले होते आणि ती हसत होती, आणि हे लेकीनं फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

"मी चहा टाकते," म्हणून शहाणी मुलगी आत निघून गेली.

"राहू द्या का मग ही उंची?" मास्तरांनी हळूच विचारलं. "मी येत जाईन. दर आठवड्याला."

"नाही," बाई म्हणाल्या.

मास्तरांचा चेहरा पडला.

"स्टँडचे पाय कापा. माझं तळं माझं मला साफ करता आलं पाहिजे, एरवी ही पोरगी बुजवेल. माझं माप घ्या, नीट घ्या." बाईंनी त्यांच्या गळ्यातल्या मोजपट्टीकडे बोट दाखवलं. "आणि मग या. काम काढून नका येऊ. जन्मभर माझ्याकडे जो आला तो कामानं आला हो... कुणीतरी उगाच यावं."

मास्तरांनी माप घेतलं. जमिनीपासून कोपरापर्यंत. दोनदा घेतलं, कारण पहिल्यांदा आकडा वाचताच आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी ताठ उभं राहून झाकण उघडलं, दोन बोटांनी पिशवी उचलली, पिळून परत ठेवली. गुडघ्यानं हूं की चूं केलं नाही. हात पुसत त्या वळल्या तर फाटकाशी मास्तर उभे. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, आणि हातात ना कापड, ना करवत. रिकामे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

"आज काय काम काढलंत?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," मास्तर म्हणाले. "तुम्हाला बघायला आलो. तुम्ही मला फार आवडता."

बाई नखशिखांत लाजल्या.

"मग एवढ्या लांबून काय बघताय?" त्या म्हणाल्या. "या की जवळ."