टर्बोला मानवलेलं तेल

बेबीनंदा त्याच्याशी पहिलं वाक्य बोलली, तेच मुळी ओरडून.

"ओ... बंद करू नका! गाडी बंद करू नका!"

पण त्यानं चावी फिरवली होती. गोदावरीच्या पुलावरून सुसाट आलेली पांढरी गाडी दुकानासमोर थांबली, मागून निळसर धुराचा लोट आला आणि इंजिन एकदम गप्प झालं. खिडकीतून एक डोकं बाहेर आलं. केसांत धूळ, कपाळावर घाम, आणि डोळ्यांत... डोळ्यांत चक्क हसू.

"का हो? दुकान बंद आहे का?"

"दुकान चालूच आहे. गाडी चालू ठेवायची होती. टर्बो आहे ना?"

"आहे ना. मागं मोठ्या अक्षरांत लिहिलंय."

"ते मी वाचलं. तुम्ही कधी वाचलंय का?"

तो दार उघडून खाली उतरला. उंच, सावळा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. बेबीनंदाला आपला आवाज जरा जास्तच चढल्यासारखं वाटलं. पण चुकीचं काही दिसलं की तिला राहवत नसे, हा तिचा जुना स्वभाव.

"एवढ्या जोरात पळत आल्यावर इंजिन थोडा वेळ नुसतं चालू ठेवायचं असतं," ती सांगू लागली. "इंजिनात हवा कोंबणारं टर्बोचं चाक मिनिटाला लाखभर फेरे घेतं. तुम्ही चावी बंद केली की तेलाचा पुरवठा बंद. चाक मात्र फिरतच राहतं... तापलेलं आणि कोरडं."

"अरेरे," तो अगदी मनापासून म्हणाला. "आमच्या आबांचा हुकूम आहे हो. गाडी थांबली की पहिले चावी. फुकट डिझेल जाळायचं न्हाई."

त्याचं नाव कडूबा. जालन्याच्या एका बियाणे कंपनीत तो शेतावर फिरणारा अधिकारी होता. घरचीच गाडी कामाला वापरायचा. "नाव कडूबा, पण बोलणं गोड," असं लोक रोज म्हणतात, तेव्हा तेवढं सोडून काहीही बोला, अशी विनंती त्यानं आधीच करून टाकली. बेबीनंदा तेच म्हणणार होती. तिनं ओठ मिटून घेतले.

ती जालन्याच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती, आणि पुढच्या शिक्षणाचं ठरेपर्यंत वडिलांच्या, संपतरावांच्या, ऑइलच्या दुकानात बसत होती. नुसती बसत नव्हती. इंजिनातलं तेल ती तेल मोजायच्या पट्टीनं काढायची, त्याचा एक थेंब गाळण कागदावर सोडायची आणि कागदावर उमटणारी वर्तुळं पाहून तेलाचं काय राहिलंय, काय संपलंय ते सांगायची. हमरस्त्यावरचे ट्रकवाले आता मुद्दाम थांबायचे. "तायडे, आमच्या तेलाची पत्रिका पाह्य बरं!"

कडूबाच्या तेलाचा थेंब कागदावर पडला. दोघं वाकून बघत राहिले. थेंब आळशासारखा पसरला. मधे काळा गोळा, भोवती जाड, मळकट कडा.

"घरी ट्रॅक्टर आहे?" तिनं विचारलं.

तो दचकलाच. "हे पण पत्रिकेत दिसतं?"

"हे तेल गाडीचं नाही. जुन्या पद्धतीचं, जाड आहे."

"आमच्याकडं एकच ड्रम असतो. ट्रॅक्टरला तेच, विहिरीवरच्या इंजिनला तेच, मळणी यंत्राला तेच. आबा म्हणतात, एका घरात दोन चुली नकोत." मग हळूच, "पण जाड तेल म्हणजे चांगलं तेल, न्हाई का?"

"जाड साडी म्हणजे चांगली साडी का?"

"ते मला कसं कळणार? मी कुठं साडी नेसून राह्यलो!"

ती हसली. हसायचं नव्हतं, तरी हसली. मग मांडणीवरच्या एका डब्यावर बोट ठेवून सांगू लागली, की टर्बोचा दांडा केसाहून बारीक अशा तेलाच्या थरावर तरंगतो. तेल जाड असलं तर सकाळी गार इंजिनात वेळेवर पोहोचत नाही. साधं असलं तर त्या उष्णतेत जळून त्याची काजळी होते. "पंधरा डब्ल्यू चाळीस. पण नुसता हा जाडीचा आकडा बघून घ्यायचं नाही. डब्यावर टर्बो डिझेलसाठी असं लिहिलेलं पाहिजे. आणि सगळ्यात आधी गाडीचं पुस्तक बघायचं. कुठंय पुस्तक?"

"आबांच्या कपाटात. कुलपात."

"कुलपात?"

"खराब होऊ नये म्हणून."

आता मात्र दोघंही मोठ्यानं हसली. मागच्या बाकावर टायरची ट्यूब तपासणाऱ्या संपतरावांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

तेल बदललं. निघताना कडूबानं इंजिन सुरू केलं, पण गाडी हलवली नाही. "आता गार इंजिनात तेल पोहोचू द्यायचं ना?" असं म्हणून तो तिच्याकडे बघत बसला. तेल केव्हाच पोहोचलं होतं. हे तिला माहीत होतं... तिनं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुस्तक घेऊन आला. आबांकडून किल्ली कशी मिळवली, ते विचारू नका म्हणाला. तिनं पान काढलं, ओळीवर बोट फिरवलं आणि तिचे डोळे चमकले. तिनं सांगितलेलंच तेल तिथं होतं. एवढ्याशा गोष्टीनं माणसाला इतका आनंद होतो, हे कडूबानं पहिल्यांदा पाहिलं, आणि त्याला तो आनंद पुन्हा पुन्हा बघावासा वाटू लागला.

मग तो येतच राहिला. कधी तेल तपासायला, कधी फिल्टर विचारायला. कधी तिला कपाशीच्या बियाण्याची उगवण कशी मोजतात ते सांगायचा. ओल्या कागदाच्या गुंडाळीत बिया ठेवून! "म्हणजे तुम्हीपण कागदावरच पत्रिका बघता," ती म्हणाली, आणि दोघांनाही उगाच लाजल्यासारखं झालं.

"बेबे," संपतराव एकदा म्हणाले, "त्या बियाणेवाल्याची गाडी लै तेल पिऊ राह्यली का?"

"नाही बाबा. बिलकुल नाही."

"मंग तोच पिऊ राह्यला असंल," ते म्हणाले आणि ट्यूब पाण्यात बुडवली.

एका शनिवारी मात्र तो हसला नाही. पट्टी स्वतःच काढून त्यानं तिच्यापुढं धरली.

"उद्या परतूरला जायचंय. आबा आणि मायला घेऊन." तो थांबला. "मुलगी पाहायला."

तिनं कागद फळीवर ठेवून सरळ केला.

"मी दोनदा न्हाई म्हणलं. आबा म्हणतात, मनात कोणी असंल तर नाव सांग. आता मी कुणाचं नाव सांगू? मला समोरच्या मनातलं काहीच माहीत न्हाई..." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तुम्ही तेल बघा. गाडी जाईल का, खरं सांगा. जाणार नसली तर... न्हाई म्हणा. मी घरी तसंच सांगतो."

थेंब पसरला. मऊ, एकसारखा, कडेला सोनेरी. इतकं चांगलं वर्तुळ तिनं महिन्याभरात पाहिलं नव्हतं. एक शब्द. फक्त एक खोटा शब्द, आणि गाडी उद्या परतूरला गेली नसती. तिच्या जिभेवर तो आला. तिनं कागदाकडे पाहिलं. कागद खोटं बोलत नव्हता. मग आपण कसं बोलायचं?

"जाईल," ती म्हणाली.

"नक्की?"

"तेल उत्तम आहे."

तो पट्टी परत बसवून निघून गेला. ती दुकानात उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला बरोबर उत्तराचा राग आला.

रविवारी सकाळी ती डबे पुसत असताना रस्त्यावरून निळा धूर आला. धुरापाठोपाठ गाडी. पुढच्या सीटवर पांढऱ्या टोपीतले आबा, मागं जरीचं पातळ नेसलेली माय. गाडी थांबली. कडूबानं इंजिन चालू ठेवलं. धूर वाढला, तसं घाईनं बंद केलं.

"जय भीम, संपतराव!" आबा उतरले. "तुमच्या पोरीनं दिलेलं तेल खराब निघालं बघा. गाडी धूर ओकू राह्यली!"

बेबीनंदानं पट्टी काढली. तेल खुणेच्या कितीतरी वर चढलेलं. रंगही दुधाळ.

"यात कुणी काही ओतलं?"

आबा टोपी सारखी करू लागले. "लांबचा प्रवास. शुभ काम. म्हणलं, कमी पडायला नको... ड्रममधलं जरासं टाकलं. पहाटेच."

"कशातनं ओतलं?"

"कॅनमधून. शेतात प्यायचं पाणी नेतो त्या."

तिनं चहाच्या स्टोव्हवर पत्र्याचं झाकण तापवलं आणि त्यावर तेलाचा थेंब सोडला. तड्... तडतड! तेलात पाणी होतं. तिनं झाकण पुसलं, पुन्हा तापवलं, पुन्हा थेंब. तडतड. तिसऱ्यांदा.

"कितीदा बघता?" कडूबा शेजारी येऊन कुजबुजला. त्याच्या आवाजात काल नसलेलं काहीतरी उसळत होतं. "जाईल का गाडी?"

ती वळली. आबा, माय, बाबा, सगळे तिच्याकडेच बघत होते. कान तापले होते. पण सांगायचं तर पुरतं सांगायचं.

"या तेलावर गाडी नेली तर टर्बो जळेल," ती म्हणाली. "पण... माझ्या बोलण्यावर जाऊ नका. बाबांनी तपासावं."

"का बरं?" मायनं विचारलं.

"कारण गाडी परतूरला जाऊ नये, असं मला वाटतं." ती थांबली नाही. "कालपासून वाटतंय. ज्या उत्तरात आपला जीव अडकलाय, ते आपण एकट्यानं तपासू नये. म्हणून."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. संपतराव उठले, लेकीकडे एकवार पाहिलं, झाकण तापवलं आणि थेंब सोडला. तडतड आवाज सगळ्यांनी ऐकला.

"पोरगी बराबर सांगून राह्यली," ते म्हणाले.

"तेल बदललं की गाडी जाईल," बेबीनंदा घाईनं म्हणाली. तेही खरंच होतं. "तासाभरात."

"गाडी जाईल," कडूबा म्हणाला. "मी न्हाई जाणार. आबा, तुम्ही नाव विचारत होता ना? बेबीनंदा."

"अरे पण तिकडं लोक..."

"त्यांना मी आत्ताच फोन करतो. गाडी बिघडली म्हणून न्हाई. खरं काय ते सांगतो, माफी मागतो. त्या मुलीला ताटकळत ठेवायचं न्हाई."

तो मोबाईल घेऊन नदीच्या बाजूला रेंज शोधत गेला. मान खाली घालून बराच वेळ बोलला. आबा बाकावर बसले आणि संपतरावांना म्हणाले, "तीस वर्षं तेच तेल वापरून राह्यलो हो..."

"तेल राहू द्या तुमचं," माय म्हणाली. ती बेबीनंदाच्या जवळ आली. काळ्या बोटांकडे, कपाळावरच्या तेलाच्या रेघेकडे तिनं सावकाश पाहिलं. मग पदर खांद्यावरून नीट घेतला.

"तुझी आई घरीच आहे ना गं?"

दुकानामागच्या घराकडे बेबीनंदानं नुसतं बोट दाखवलं. माय निघाली, आबांना, संपतरावांनाही हाताला धरून उठवल्यासारखं सोबत घेऊन गेली.

कडूबा परत आला तेव्हा दुकानात ती एकटीच होती. पाना हातात घेऊन.

"चिडले. चिडणारच," तो म्हणाला. "पण ऐकून घेतलं." मग तिच्याकडे बघत, "सगळे कुठं गेले?"

तिनं घराकडे मान वळवली. त्याला कळायला क्षणभर लागलं... आणि मग त्याचा चेहरा असा उजळला, की तिला मान खाली घालावी लागली.

"आता काय करायचं?" त्यानं विचारलं.

"आता खालचा बोल्ट काढायचा."

"आणि मंग?"

"मंग फिल्टर."

"आणि मंग?"

"मंग... घाई करायची नाही," ती म्हणाली आणि दुसरा पाना त्याच्या हातात दिला. "तेल पूर्ण निथळू द्यायचं."

कडूबानं आपल्या नव्या, पांढऱ्याशुभ्र शर्टाकडे पाहिलं, आणि खुशाल गाडीखाली शिरला.