बारशाच्या फोटोतला हिरवा

दुपारी क्षिप्रा झोपली तशी आसावरीने लॅपटॉप उघडला. लेकीच्या बारशाचे फोटो नीट करून घरच्या ग्रुपवर टाकायचे, एवढंच काम. ठाण्यात टेंभी नाक्याच्या एका स्टुडिओसाठी ती डोंबिवलीत घरी बसून हेच करायची. हॉलच्या दिव्यांखाली कावीळ झाल्यासारखे दिसणारे नवरदेव माणसात आणायचे. परक्यांचे अल्बम वेळेवर आणि स्वतःच्या लेकीचे फोटो महिनोन्‌महिने पडून. आई म्हणून स्वतःचे मार्क कापायला तिला तेवढं पुरे होतं.

कल्याणजवळच्या मोहने गावात, दिरांच्या जुन्या घरी बारसं झालेलं. पाळण्यातल्या पांढऱ्या चादरीवर क्लिक केलं, की चादर पांढरी व्हायची आणि मागोमाग माणसंही आपापल्या रंगावर यायची. मग बाळाला पाळण्याखालून देण्याघेण्याचे फोटो आले. अलीकडून सासूबाई ‘कुणी गोविंद घ्या’ म्हणत बाळ पुढे करताहेत, पलीकडून मायामावशी घेतेय. त्यातल्या शेवटच्या फोटोत पलीकडचं माणूस पाळण्याआड गेलं होतं, आणि तिथपासून क्षिप्राच्या हनुवटीखाली हिरवट झाक होती.

चादर पांढरी, माणसं ठीक. फक्त बाळ हिरवं.

मूल ज्याच्या मांडीवर असतं, त्याच्या कपड्यांचा रंग हनुवटीला लागतो, हे आसावरीला पाठ होतं. पुढच्या फोटोत क्षिप्रा तिच्याच मांडीवर होती, पिवळ्याधमक साडीवर. हनुवटी तरी हिरवीच.

तिने तो हिरवा काढला, फोटो सेव्ह केला. पुन्हा उघडला, तर मघाशी मानेपाशी असलेला हिरवा ओठांना टेकला होता.

सासूबाई, शुभदाताई, स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या.

“आई, बारशाला हिरवं कोण नेसलेलं?”

“कुणी नाही. सगळ्यांनी पिवळंच, असा हुकूम तूच काढला होतास ना?”

“मायामावशीसुद्धा नाही?”

“नाही गं. आणि शेवटी ती तिथे नव्हतीच. फोन आला म्हणून बाहेर गेली होती.”

“मग शेवटी पलीकडून बाळ घेतलं कुणी?”

शुभदाताईंचा हात ताटात थांबला. “मी वाकले होते... ‘घ्या’ म्हटलं... आणि घेतलं कुणीतरी. हात हलके झाले माझे.” मग अगदी हळू, “माझी नणंद, गोदावन्सं... बारसं झालं त्याच खोलीत वारल्या. पोटात बाळ होतं. हिरवं लुगडं नेसवून पाठवलं त्यांना...”

आसावरी खोलीत धावली. क्षिप्राला पाळण्यातून उचलून तिने मोबाइलवर दोघींचा फोटो काढला. तिच्या स्वतःच्या अंगात मरून गाऊन, आणि बाळाचा चेहरा नाकापर्यंत हिरवा. बारशापासून ही पोरगी तिच्या कुशीत स्वस्थ राहत नसे. आपल्यालाच जमत नाही, असं तिने धरून चाललेलं.

आता मात्र तिचं डोकं फिरलं.

“आई, इकडे या. बाळाला पाळण्याखालून द्या मला.”

“कुणी गोविंद...”

“‘कुणी’ नाही. माझं नाव घ्या.”

शुभदाताई बाळाला घेऊन वाकल्या. “आसावरी... घे.”

तिने हात घातले. बाळ हाताला लागलं, पण येईना. शुभदाताई कधीच हात सोडून उभ्या राहिल्या होत्या. पाळण्याखाली बंद पेटीतल्या लुगड्याचा, कापराचा वास दाटला होता.

“आत्या,” आसावरी दातओठ खात म्हणाली, “तुमचं गेलं, त्याचं वाईट वाटतं मला. पण ही माझी आहे. सोडा.”

ओढ वाढली.

“सोडा म्हणते ना! नाही देणार मी!”

बाळ सुटलं. क्षिप्राने टाहो फोडला आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. कितीतरी दिवसांनी तिने अशी मिठी मारली होती.

“काढा फोटो,” आसावरी धापा टाकत म्हणाली. शुभदाताईंनी दोन्ही हातांत मोबाइल धरून काढला आणि तिच्यापुढे केला.

क्षिप्राच्या हनुवटीवर गाऊनचा मरून उतरला होता. आसावरीची स्वतःची हनुवटी मात्र हिरवी होती. गळाही हिरवा, जणू तीच कुणाच्या तरी मांडीवर होती.

“काढून टाक तो रंग,” शुभदाताई पुटपुटल्या.

“राहू दे.” आसावरीने लेकीला घट्ट धरलं. “मला धरायचं तर धरा, आत्या. मी काही तान्ही नाही.”

शुभदाताई समोरच उभ्या होत्या, मोबाइल दोन्ही हातांत घेऊन. आणि आसावरीच्या पाठीवर कुणीतरी हलक्या हाताने थोपटू लागलं.