वीतभर आखूड

जळण आणायला मी महिन्यातून दोनदा कुंभारीला जायचो. भवानी पेठेत माझा लहानसा रंगखाना होता. घरामागच्या परड्यात दोन चुली, दोन मोठे हंडे आणि बांबूंच्या रांगा. विणकरांनी आणून दिलेलं सूत रंगवायचं, पिळायचं आणि बांबूवर वाळत घालायचं, एवढाच धंदा. त्या काळात पेठेत परड्यांतून सूत चोरीला जात होतं, म्हणून माझी बायको मथुरा मागे लागली होती की एखादं कुत्रं बघा. कुंभारीला बिरप्पा धनगराच्या मेंढवाड्यावर पिल्लं झाली होती. जळणाची मोळी सायकलला बांधता बांधता मी त्यातलं एक भुरकं पिल्लू मागून घेतलं.

बिरप्पाने ते लगेच दिलं नाही. आधी त्याने मला खाली बसवलं.

"मेंढरामागं पळणारं जनावर हाय, रावजी," तो म्हणाला. "बांधून घालू नगंस. आन् जमलं न्हाय तर दुसऱ्याला देऊ नगंस, वाऱ्यावर सोडू नगंस. माज्याकडं आणून घाल. मी काय बी बोलणार न्हाय."

"व्हय व्हय, मामा," मी म्हणालो. माझं अर्धं लक्ष मोळीकडे होतं.

पिल्लाचं नाव भुऱ्या ठेवलं. महिन्याभरात ते चिखलाच्या पायांनी ओल्या सुतावरून पळालं आणि मी त्याला परड्यातल्या खांबाला साखळीने बांधलं. त्यानंतर दोन वर्षांत मी ती साखळी एकदाही सोडली नाही. खोटं कशाला सांगू! दोन वेळा भाकरी टाकली की कुत्रं पाळलं, अशी माझी समजूत होती. त्याच्या कानांत गोचिड्या झाल्या, मानेवरचे केस झडले, खांबाभोवती फिरून फिरून मातीत गोल चर पडला. रात्री ते भुंकलं की मी पडल्या पडल्या शिव्या द्यायचो. त्याच्याजवळ बसायची ती फक्त माझी सात वर्षांची पोरगी, गोजर. त्याच्या गोचिड्या काढत ती म्हणायची, "आण्णा, ह्येला जरा फिराय न्या की."

"उद्या," मी म्हणायचो.

पंच्याहत्तर सालच्या वैशाखात मथुराच्या भावाचं लग्न निघालं. होटगीला, आठ दिवसांचा मुक्काम. होटगी म्हणजे काही परमुलूख नव्हे. रेल्वेत बसलं की अर्ध्या तासात गाव. निघायच्या आदल्या दिवशी पिवळ्या सुताचा एक मोठा घाणा बांबूवर होता. कुत्र्याचं अंग लागून डाग पडू नये म्हणून मी साखळीला खांबाभोवती दोन वेढे देऊन ती आखूड केली. संध्याकाळी विणकर येऊन सूत घेऊन गेला. सकाळी दारात टांगा उभा, मथुरा हाका मारतेय, गोजर भुऱ्याच्या गळ्यात पडलीय. मी पाण्याची दगडी डोण काठोकाठ भरली आणि दाराला कडी घातली. वेढे काढायचे राहिले.

भाकरीची सोय शेजारच्या सुंदरम्मावर होती. ती तेलुगू विणकरीण, एकटी बाई, कुत्र्याला फार भ्यायची. भिंतीवरून रोजच्या दगडावर भाकरी टाकेन, एवढं तिने कबूल केलं होतं. डोणही त्याच दगडाशेजारी होती.

आठव्या दिवशी भर दुपारी आम्ही परतलो. सोलापूरचं वैशाखातलं ऊन तुम्हाला माहीत आहे. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कडी काढायच्या आधीच मला वास आला. मी मथुराला म्हणालो, "पोरीला घेऊन सुंदरम्माकडं पाणी पिऊन ये." आणि एकटा परड्यात गेलो.

भुऱ्या साखळी ताणलेल्या अवस्थेतच पडला होता. पुढचे दोन्ही पाय दगडाच्या दिशेने. दगडावर आठ भाकऱ्या होत्या, एकीवर एक. डोणीतलं पाणी उन्हाने निम्म्यावर आलं होतं. मी वाकून हात ठेवून पाहिलं. त्याच्या पंजापासून दगडापर्यंत अंतर एक वीत होतं.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा दिसली, पण उमगली नाही. भिंतीवर ओळीने दहा-बारा कावळे बसले होते. आठ दिवस भाकऱ्या उघड्यावर पडून होत्या आणि एकीलाही चोच लागलेली नव्हती.

मी ते कलेवर पोत्यात घातलं, मागच्या ओढ्यात नेऊन टाकलं. पुरलंसुद्धा नाही. भाकऱ्या राखेत लोटल्या, परडं पाण्याने धुतलं. परत आलो तर सुंदरम्मा दारात उभी होती.

"तीन-चार दिवस लई ओरडत होतं जी," ती हळू आवाजात म्हणाली. "मग गप झालं. भ्या वाटतं म्हणून मी वाकून बघितलं न्हाई. मला वाटलं, सवय झाली..."

गोजरने विचारलं, "भुऱ्या कुटं हाय?"

"बिरप्पा आजा आलता. घिऊन गेला. मेंढरांत रमलंय आता." मी हे इतकं सहज बोललो की मथुरालाही ते खरं वाटलं.

 गोजरने माझ्याकडे पाहिलं आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो. मथुराने ताटल्या वाढल्या. गोजरने भाकरीकडे हात केला आणि हात मध्येच थांबला.

"खा की गं."

"हात पुरंना," ती म्हणाली.

मी हसलो. ताटली तिच्यासमोर तर होती. मथुराने ती आणखी पुढे सरकवली. गोजर जागची हलली नव्हती, तरी तिचा हात पुन्हा तेवढाच लांब थांबला. बोटं ताणलेली. मथुराने घास करून तिच्या तोंडाशी नेला, तर तिची मान मागे गेली. हट्टी पोर मान फिरवतं तशी नव्हे. मागून हिसका बसावा तशी. आणि मग माझी नजर तिच्या बोटांवर आणि भाकरीच्या कडेवर गेली. मला माप घ्यायची गरज नव्हती.

तिने परड्यातलं काही पाहिलं नव्हतं. कोणी तिला सांगितलंही नव्हतं. मी एकट्यानेच ते पाहिलं होतं.

दोन दिवस गेले, तीन गेले. डॉक्टर म्हणाले, उष्णता आहे, जंत असतील. औषध घशाखाली उतरेल तेव्हा ना. ती झोपली की मथुरा चमच्याने दूध घालायची, तेवढंच पोटात जायचं. पोरीचे डोळे खोल गेले. दुपारी घर सामसूम झालं की ती उठून परड्यात जायची आणि त्या खांबाला पाठ लावून बसायची, उन्हात. उचलून आणली तरी रडायची नाही. मातीतला तो गोल चर मी बुजवला होता, वरून शेण-पाणी शिंपडलं होतं. रोज दुपारनंतर तो पुन्हा उमटलेला असायचा. तिच्या पावलांचे ठसे त्यात नसायचे... कोणाचेच नसायचे.

सहाव्या दिवशी ती बोलली. आवाज अगदी बारीक झाला होता.

"आण्णा, मला बिरप्पा आज्याकडं न्या. भुऱ्याला बघायचंय."

मथुरा माझ्याकडे बघायला लागली. "न्या की वो. त्येला बघून तरी दोन घास खाईल."

काय सांगणार होतो मी? पोरीला सायकलच्या दांडीवर टॉवेल घालून बसवलं. ती मोळीपेक्षा हलकी लागत होती. मथुराने एक भाकरी फडक्यात बांधून दिली. वाटभर मी एकच विचार करत होतो: बिरप्पाला बाजूला घेऊन सांगायचं की मामा, कुत्रं मेंढरांबरोबर लांब गेलंय, एवढं म्हणा. पोरीसाठी तरी म्हणा. म्हणजे आणखी एक खोटं, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून.

बिरप्पा लिंबाखाली बसला होता. मेंढरं सावलीला दाटीने उभी होती. वारा पडला होता. आम्हाला पाहून त्याची तिन्ही कुत्री उठली, जवळ आली, पोरीचा वास घेतला आणि एकही न भुंकता मागे सरून बसली. बिरप्पाने ते पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "कवा मेलं?"

गोजर माझ्या खांद्यावर होती. 

"मामा... जरा हिकडं या..."

"हितंच बोल. पोरीला काय झालंय ते दिसतंय मला. पुरलं कुटं?"

"पुरलं न्हाय. वड्यात..."

 बिरप्पाने माझ्या हातातलं फडकं घेतलं, सोडलं आणि भाकरी समोरच्या दगडावर ठेवली. "राखणीचं जनावर हाय त्ये," तो म्हणाला. "आमी त्येला घरातल्या माणसावानी निवद ठिवतो. काय राह्यलं असंल ते बोल. माणसाच्या पिंडापुढं बोलत्यात तसं."

लिंबावर कावळे होते. ते खालच्या फांदीवर उतरून बसले आणि तिथेच थांबले.

कुत्र्यासमोर हात जोडायचे! दुसरी वेळ असती तर मी हसलो असतो. पण पोरीचा श्वास माझ्या मानेला लागत होता आणि तो मोजता येण्याइतका सावकाश झाला होता. मी हात जोडले. म्हणालो, पुन्हा कधी जनावर बांधणार नाही. कावळे हलले नाहीत. म्हणालो, ओढ्यातून हाडं आणून नीट पुरतो. कावळे हलले नाहीत. म्हणालो, साखळी आखूड केली होती ती सुतासाठी, जाताना वेढे काढायचं विसरलो, चुकलो, माफ कर. मला रडू आलं होतं. एक कावळा पंख उघडून पुन्हा मिटून बसला.

"अजून हाय कायतरी," बिरप्पा म्हणाला. "पोटात ठिवू नगंस, रावजी."

होतं. मथुरालाही ठाऊक नव्हतं. मी गोजरला खांद्यावरून उतरवून समोर बसवलं. हे दगडाला सांगून भागणार नव्हतं.

"गोजर," मी म्हणालो, "बिरप्पा आजा भुऱ्याला न्यायला आलाच न्हवता. आपुन लग्नाला गेलतो तवा त्यो साखळीला मेला. भाकरीपतूर त्येला जाता आलं न्हाय. आन् म्या विसरलो न्हवतो... म्हंजे विसरलो व्हतो, पर तिसऱ्या दिशी मला आठवलं. हळदीच्या दिशी. ताटावर बसलो व्हतो, घास हातात व्हता, आन् आठवलं की वेढं तसंच ऱ्हायलं. सांजची गाडी व्हती. जाऊन येता आलं आसतं. म्या म्हनलं, कुत्रंच हाय... वढून घील भाकरी. आन् त्यो घास खाल्ला."

मेंढरं सगळी एकदम गप्प झाली. मग पंखांचा आवाज आला. एक कावळा दगडावर उतरला, त्याने भाकरीचा तुकडा तोडला आणि उडाला. लगेच दुसरा आला, तिसरा आला. घटकेत दगड मोकळा झाला.

बिरप्पाने आपल्या गाठोड्यातली अर्धी भाकरी आणि वाडग्यात दूध आणलं. गोजरच्या पुढ्यात ठेवलं. तिने हात पुढे केला. हात पोचला. मी डोळे मिटून घेतले. ती चावत होती तो आवाज ऐकत राहिलो. जन्मात मी इतका गोड आवाज ऐकला नाही, आणि हे मी आजही तुम्हाला छातीवर हात ठेवून सांगतो.

परत निघालो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. पोरीच्या अंगात जीव आला होता, ती दांडीवर ताठ बसली होती. रस्त्यावर आम्ही दोघंच होतो. मी सायकल हळू चालवत होतो. मनात होतं ते विचारून टाकलं.

"गोजर, हात पुरत न्हवता तवा भुऱ्या दिसायचा का गं तुला?"

"न्हाय."

"मग? साखळी वाटायची का गळ्यात?"

"न्हाय. साखळी कुटली?" तिला माझा प्रश्न कळलाच नाही. "तुमीच मागनं धरायचा की."

माझे पाय पॅडलवर थांबले. "मी? मी तर तुज्या म्होरं बसायचो जेवायला. ताटापाशी."

"व्हय. म्होरं बी तुमीच, मागं बी तुमीच. म्होरचं म्हनायचं, खा. आन् मागचं घट धरून ठिवायचं." ती हे सांगताना घाबरलेली नव्हती. रोजचीच गोष्ट सांगावी तसं सांगत होती. "मागच्याच्या हातात बी घास असायचा. खात खात धरायचं."

सायकल कशीबशी सावरली.  रस्ता पुढेही रिकामा होता आणि मागे वळून बघायचा मला धीर नव्हता.

"आता... आता सोडलं नव्हं त्येंनी तुला?"

गोजरने मान वळवली. माझ्या खांद्यावरून मागे, सायकलच्या मोकळ्या कॅरिअरकडे ती थोडा वेळ बघत राहिली.

"मला सोडलं," ती म्हणाली. "आता तुमाला धरलंय."