जेथ्रोच्या वस्तऱ्याचं अस्तर

दोघांचं लग्न चार दिवसांवर आलं असताना टॅबिथाने ओबेडच्या हातात एक वस्तरा ठेवला. तिच्या वारलेल्या नवऱ्याचा, जेथ्रोचा. पातं लखलखीत होतं, पण शिंगाची मूठ फुगून वाकडी झाली होती.

"आतून पितळेचं अस्तर लाव," ती म्हणाली. "मूठ मजबूत झाली पाहिजे."

वस्तऱ्यांना मुठी बसवण्यात सुऱ्या-वस्तऱ्यांच्या शेफील्ड गावातल्या ओबेडची हयात गेली होती. चाळिशी उलटली तरी चूल एकट्याचीच. टॅबिथा हो म्हणाली तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं होतं. तिने मागितलं असतं तर त्याने सोन्याचंही अस्तर लावलं असतं.

शेजारी पात्यांना धार लावणारा म्हातारा सायलस खोकत खोकत हसला. "बायकोबरोबर तिचा आधीचा दादलाही नांदवतोस की काय रे? दे फेकून नदीत!"

"असलं पोलाद? तू फेकशील?"

सायलसने पुढचं पातं चाकाला लावलं. चांगलं पोलाद फेकणारा माणूस त्या गल्लीत अजून जन्मायचा होता.

ओबेडने रिव्हेटचे खिळे काढून मूठ उकलली आणि नाक मुरडलं. शिंगाच्या दोन पट्ट्यांमध्ये पिवळट साबणाचा लगदा साचला होता, त्यात तांबूस केसांची खुंटं. जुन्या वस्तऱ्यात मळ असायचाच. पण हा ओला होता. बोटांना बुळबुळीत लागत होता, आणि त्याला आजाऱ्याच्या उशीचा आंबूस वास होता. शिसारी गिळून त्याने सगळं खरवडलं, सोड्याच्या कढत पाण्यात पट्ट्या धुतल्या. मग पितळेचा पत्रा मुठीच्या आकारात कापला, कानसला, दोन्ही पट्ट्यांना आतून बसवून नव्या रिव्हेट ठोकल्या. मूठ सरळ झाली.

चहा पिऊन परत येतो तो मूठ पुन्हा फुगलेली. त्याने ती उघडली. शिंग आणि पितळ यांच्या मधे तांबूस केस गच्च दाटले होते, ताज्या फेसात भिजलेले. त्याच्या डोळ्यांदेखत एक केस पत्र्याच्या कडेवरून सावकाश पुढे आला. ओबेडने मूठ हातभर लांब धरली.

"सायलस... हे बघ."

सायलसने पाहिलं आणि एप्रनचं टोक तोंडावर दाबलं. "जेथ्रोला जाऊन वर्ष झालं ना रे...?"

ओबेडने वस्तरा चिंधीत गुंडाळला आणि टॅबिथाचं घर गाठलं. तिने एकदा म्हणावं, मला यातलं काही ठाऊक नाही. मग तो वस्तरा नदीत टाकणार होता आणि रविवारी तिचा हात धरून चर्चमधून बाहेर पडणार होता. एवढंच त्याला हवं होतं.

ती खिडकीशी बसून नवी गादी भरत होती.

"झालं अस्तर?"

"टॅबिथा... ह्याच्या आत केस येतात."

"येतातच," दूध उतू जातं म्हणावं तशी ती म्हणाली. "जेथ्रोला शवपेटीत ठेवल्यावर त्याची शेवटची दाढी मी ह्यानंच केली. तेव्हापासून थांबतच नाहीत बघ. रोज खरवडून काढते. आधी मलाही ओकाऱ्या यायच्या. मग म्हटलं, एवढे मऊ केस टाकायचे कशाला?"

ओबेडने गादीच्या फटीत पाहिलं. आत सगळं तांबूस होतं.

"आपली गादी होत आली. आता तुझी उशी तेवढी राहिली, आणि ही मूठ मेली फुटायला आली. म्हणून तर तुझ्याकडे दिली."

"मला जाऊ दे, टॅबिथा..."

"असा काय रे करतोस? हात तरी लावून बघ!" तिने लाडाने त्याचं मनगट धरलं आणि हात फटीतून आत सारला, कोपरापर्यंत. आत ओल होती. ऊबही होती. ओबेडने हात मागे ओढला, पण तिची पकड सुटेना.

केसांच्या तळाशी, त्याच्या तळहाताला लागून, एका खरखरीत गळ्याने आवंढा गिळला.