मुका बटाटा

सातव्या माळेच्या सकाळी कंद संशोधन केंद्राच्या स्वयंपाकघरात तीन शेगड्यांवर तीन प्रांतांचे बटाटे शिजत होते, आणि तिघींपैकी दोघी स्वयंपाकिणी आपल्याच हातचं चाखायला तयार नव्हत्या.

डॉ. शर्वरी पाचर्णे चाखणीचा तक्ता घेऊन दारात उभी होती. केंद्रात तयार झालेला 'निरंतर' बटाटा प्रयोगशाळेत कितीही गुणी ठरला, तरी घरच्या कढईत तो कसा वागतो हे पाहायला हवं, म्हणून देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या बायका इथे नोकरीला ठेवल्या होत्या. कुमाऊंच्या पहाडातल्या गोविंदीदी सालासकट गुटके करत आणि वर जखियाच्या, मोहरीसारख्या पहाडी दाण्यांची फोडणी देत. बंगालची शेफाली खसखशीतला बटाटा करायची, आणि काढलेल्या साली कलौंजीबरोबर कुरकुरीत परतायची. तिच्या माहेरी साल फेकली तर आजी जेवायला वाढत नसे. इथल्याच पठारावरच्या यमुनाकाकू मात्र बटाटा आधी जाडसर सोलून घेत आणि मगच त्याच्या काचऱ्या करत.

निरंतर बाजारात येऊन अजून वर्षही झालं नव्हतं, पण तेवढ्यात घरोघरची एक जुनी सवय सुटली होती. बटाटे किलोवर आणायचे दिवस गेले. सुगीला एक गोणी घ्यायची, ओट्यावरच्या उघड्या टोपलीत ओतायची, की पुढल्या सुगीपर्यंत चिंता नाही. त्याला कोंब फुटत नसे, सुरकुती पडत नसे. उजेडात राहिला तरी तो हिरवा होत नसे आणि जुना झाला तरी कडू लागत नसे. शीतगृहांना कुलपं लागली, आणि दुकानदार बटाटे काचेच्या कपाटात दिवे लावून मांडू लागले. बटाट्याचं नशीब असं कधी फळफळलं नव्हतं.

"काय गं शेफाली, तोंड का उतरलंय?" शर्वरीनं विचारलं.

"शर्वरीदी, आज मला चाखायला सांगू नका. परवापासून उलटी होते. डोकं फिरतं. गॅसची ज्योत एक आहे, मला दोन दिसते."

"पित्त असेल. सरबत घे."

यमुनाकाकू विळीवरून उठल्या. "दोघींना एकदमच पित्त झालं व्हय? त्या गोविंदीचं बी तसंच चाललंय, दोन दिस झालं. आन् मला बरं काय झालं न्हाई? खातो तर समद्या एकाच टोपलीतलं."

शर्वरी हसून काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात तिची नजर तीन भांड्यांवरून फिरली. एका कढईत सालासकट फोडी होत्या, दुसऱ्या शेगडीवर नुसत्या साली परतायला पडल्या होत्या, आणि काकूंच्या काचऱ्यांवर सालीचा कण नव्हता. तिनं शेगड्या बंद करायला सांगितल्या, खिडकीतल्या टोपलीतले चार बटाटे पदरात घ्यावेत तसे ओढणीत घेतले आणि ती प्रयोगशाळेकडे जवळजवळ पळतच गेली.

बटाट्यात, मुख्यतः त्याच्या सालीत, सोलॅनिन नावाचं एक विष मुळातच असतं. किडीपासून वाचायला झाडानं केलेली ती सोय. एरवी ते इतकं थोडं असतं की माणसाला बाधत नाही, पण बटाटा उजेडात राहिला की वाढतं. त्याच उजेडात बटाटा हिरवाही होतो. हिरवा रंग म्हणजे विष नव्हे, पण दोघं जोडीनं येतात, म्हणून आपल्या आया हिरवा भाग दिसला की टाकून देत, कोंबाचे डोळे कोरून काढत, कडू लागला तर घास थुंकत. केंद्रानं निरंतरमधली हिरवं होण्याची, कोंब येण्याची आणि कडू लागण्याची वाट बंद केली होती. सोलॅनिनची वाटही बंद केल्याचं कागदावर होतं, आणि तपासणीत ते सिद्धही झालं होतं.

पण तपासणीचे नमुने नियमानुसार पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात, अंधारात ठेवलेले होते. बटाटा अंधारातच ठेवायचा असतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून नियमही तसाच लिहिलेला. जो बटाटा उजेडात ठेवता यावा म्हणून घडवला, तो उजेडात ठेवून कोणी पाहिलाच नव्हता. तपासणीच्या त्या अहवालाखाली शर्वरीचीच सही होती.

यंत्रानं आकडा दाखवला. शंभर ग्रॅममागे वीस मिलिग्रॅमपर्यंत चालतं, अशी मर्यादा होती. टोपलीतला बटाटा सालासकट एकशे दहा निघाला. सोललेला अडतीस. अंधाऱ्या खोक्यातला नमुना मात्र आजही तीन. शर्वरीनं तीनदा मोजलं, आकडे तेच आले.

सोललेल्या बटाट्याचा आकडा पाहून तिनं क्षणभर स्वतःची समजूत घातली. माणूस दिवसाला बटाटा खातो तरी किती? मान्यतेच्या अर्जात तिनंच लिहिलं होतं, दर माणशी सव्वाशे ग्रॅम. देशभरच्या जेवणांची ती सरासरी होती, पोळीबरोबरची, भाताबरोबरची, पोह्यातली चिमूट धरून. तेवढ्यानं मोठं माणूस आजारी पडणार नाही.

मग तिला गोणीवरची अक्षरं आठवली. 'उपवासालाही उत्तम'. ती ओळ छापायची सूचनाही तिचीच होती, आणि विक्रीवाल्यांनी तिची पाठ थोपटली होती. बटाटा विकताना तिला उपवास आठवला होता आणि विष मोजताना तो ती विसरली होती. उपवासाच्या घरात वाढलेल्या मुलीनं हा हिशेब चुकवावा, याला काय म्हणायचं? नऊ दिवस धान्य वर्ज्य करणाऱ्या बाईच्या ताटात बटाटा तोंडी लावायला नसतो, तेच तिचं जेवण असतं. अंगात शिरलेलं सोलॅनिन निम्मं उतरायलाच एक-दोन दिवस लागतात, म्हणजे कालचं पुरतं जायच्या आत आजचं येऊन बसतं.

तिची आई साबुदाण्यानं पित्त होतं म्हणून नवरात्रात दोन्ही वेळा बटाटाच खायची. घटस्थापनेच्या आधी शर्वरीनं मोठ्या कौतुकानं तिला निरंतरची गोणी पाठवली होती.

तिनं आधी संचालक डॉ. खांबेट्यांना फोन लावला.

"पुन्हा मोज," ते म्हणाले.

"तीनदा मोजलं, सर."

"मग यंत्र बिघडलं असेल."

"खोक्यातल्या नमुन्याचा आकडा बरोबर येतोय. यंत्र ठीक आहे. आपल्याला आजच्या आज जाहीर करायला हवं."

"नवरात्र चाललंय, शर्वरी. उद्या अष्टमी. लोकांमध्ये घबराट होईल. दसरा होऊ दे, मग नीट विचार करून..."

"नवरात्र चाललंय म्हणूनच थांबता येणार नाही, सर."

मग खांबेट्यांनी विचारलं तेव्हा त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"सोललेल्यात किती म्हणालीस?"

"अडतीस."

"आणि उकडून पाणी टाकून दिलं तर?"

"उकडल्यानं ते जात नाही."

"माझी सून नऊ दिवस धरते. सातवा महिना आहे तिला, कोणाचं ऐकत नाही," ते म्हणाले. "तू पाठव अहवाल. माझं नाव घाल त्यात. मी घरी निघालो."

शर्वरीनं अहवाल अन्नसुरक्षेच्या अधिकाऱ्यांना धाडला आणि केंद्राच्या गाडीत बसली. माहेर घोडनदीच्या काठी, दीड तासाच्या वाटेवर होतं. गाडी स्वतःची स्वतः चालत होती, त्यामुळे तिला घाबरायला दोन्ही हात मोकळे होते. फोन लागायला चार वेळा प्रयत्न करावा लागला.

"आई, आज बटाटा खाल्लास?"

"मग काय खाऊ? सकाळी भाजी केली. आता कीस करायचाय." आईची जीभ जड झाल्यासारखी वाटत होती.

"दिवसाला किती खातेस?"

"असतील चार-पाच. नऊ दिवस काय हवेवर ऱ्हाऊ?"

आईचं वजन पंचेचाळीस किलो. चार बटाटे म्हणजे चारशे ग्रॅम. शर्वरीच्या डोक्यात गुणाकार आपोआप झाला आणि तिनं डोळे मिटून घेतले. सोललेले धरले तरी, वजनाच्या किलोमागे दोन मिलिग्रॅम सोसवतं त्याच्या दीडपटीहून जास्त, आणि तेही रोज.

"आई, आता एक घासही खाऊ नकोस. केळी खा, दूध पी. उपास मोडायचा नाही म्हणत असशील तर नको मोडूस, पण बटाटा नको. त्यात विष झालंय."

आई हसली. "येडी का खुळी? तूच केलायस ना ह्यो बटाटा? मग त्यात विष कुठनं येईल? साऱ्या गावात सांगून आले मी, माझ्या पोरीचा बटाटा हाय म्हणून."

"आई, ऐक माझं."

"तूच ऐक. कोणाला सांगू नये म्हणलं व्हतं, पर तुला सांगते. कालपासून घटाम्होरचा दिवा मला दोन दिसतोय. आन् काल आरतीला देवीचा मुखवटा हलला गं. माझ्याकडं मान वळवली तिनं. बत्तीस वर्सं धरते मी नवरात्र, कधी म्हणून दिसली नव्हती." आईला हुंदका आला. तो आनंदाचा होता.

शर्वरीला शेफालीची दोन दिसणारी ज्योत आठवली. 

"मी एकटीच न्हाई," आई सांगत होती. "काल मंडळाच्या चाळीसजणींना फराळ केला. तुझाच बटाटा किसला, चांगली दोन पातेली. पारूला पहाटे दिसली म्हणं. हौसाच्या तर अंगात आलं, आवरंना. औंदा देवी गावावर लईच प्रसन्न हाय, बघ."

फोन तुटला. पुन्हा लावला तर आईनं घेतला नाही. बाहेर एकामागून एक गावं येत होती. चौकाचौकात मांडव, अनवाणी चाललेल्या बायका, आणि किराणा दुकानांत काचेच्या कपाटात भर दुपारी दिव्यांखाली मांडलेले गुळगुळीत, पिवळसर, निर्दोष बटाटे. गाडीच्या काचा बंद होत्या तरी तुपात जिरं तडतडल्याचा वास येतोय असं तिला वाटत राहिलं. लहानपणापासून आवडता वास होता तो. आता तिला त्याची शिसारी येत होती.

घराचं दार उघडंच होतं. आई देव्हाऱ्यापुढे भिंतीला टेकून बसली होती, हातात रिकामी ताटली.

"खाल्लंस?" शर्वरीनं विचारलं.

"देवीम्होरं ठेवलेला निवद, टाकून कसा देऊ?" आईनं तिच्याकडे पाहिलं, पण नजर तिच्या खांद्याच्या बाजूला, हातभर अंतरावर खिळली होती. "दोघीजणी आलाय का तुम्ही?"

शर्वरीनं तिला उचलून गाडीत घातलं. अंग गार होतं आणि घामानं चिंब. नाडी इतकी सावकाश चालली होती की दोन ठोक्यांच्या मध्ये शर्वरी स्वतःचा श्वास धरून बसत होती.

तालुक्याच्या दवाखान्यातला तरुण डॉक्टर आधीच घायकुतीला आला होता. मंडळाच्या अकरा बायका सकाळपासून दाखल झाल्या होत्या. कोणाला उलट्या, कोणाला भोवळ. उपवासानं पाणी कमी पडलं असं समजून त्यानं सगळ्यांना सलाइन लावलं होतं. एकीला धाप लागली होती. बाकीच्या मात्र कुरकुर करत नव्हत्या. खाटेवर पडल्या पडल्या एकमेकींना सांगत होत्या की देवीनं कोणती साडी नेसली होती.

शर्वरीनं त्याला सगळं सांगितलं. सोलॅनिनचं नाव, आकडे, शेफालीच्या साली, आपली सही. मधेच तिला रडू फुटलं, तरी ती सांगत राहिली. डॉक्टरनं एकदाही तिला थांबवलं नाही. त्यानं नर्सला हाक मारून आईला प्राणवायू लावायला सांगितला, कसलंसं इंजेक्शन मागवलं, आणि पडद्यामागे दिसेनासा झाला. वीस मिनिटांनी बाहेर आला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"श्वास चालू आहे. रात्र निभावली तर उद्या सांगता येईल," तो म्हणाला. "यावर उतारा असा नाही. शरीर काय टाकेल ते टाकेल, तोवर आपण धरून ठेवायचं. बरं झालं कारण कळलं. आता मला यादी द्या, म्हणजे बाकीच्यांना वेळेत बोलावून घेतो."

तो टेबलापाशी बसला. त्यानं कोरा कागद ओढला, वर तारीख घातली, खाली आईचं नाव लिहिलं, मग फराळाच्या चाळीसजणींसाठी जागा सोडली. बाहेर दुपार कलली होती. गावातल्या मांडवांमधून एकामागोमाग एक आरत्या सुरू होत होत्या, आणि त्या संपल्या की घरोघरी फराळाची ताटं वाढली जाणार होती. शर्वरीच्या फोनवर अन्नसुरक्षेवाल्यांचं उत्तर आलं होतं. अहवाल मिळाला आहे, वरिष्ठांसमोर ठेवत आहोत.

"मंडळाच्या बायका झाल्या," डॉक्टर मान वर न करता म्हणाला. "हे बटाटे आणखी कोणाकोणाच्या घरी गेलेत?"