उलटा चाललेला नारळ

"ताई, ते बघ! नारळ... वर चाललाय!"

अद्वयचा आवाज चिरकला. 'गप रे' म्हणायला शेफालीनं तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

दिवस मावळत होता. कानंदीच्या डोहात वाळकी पानं प्रवाहाबरोबर निमूट खाली चालली होती. आणि त्यांच्यामधून, गुलाबी प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला एक नारळ उलटा, वरच्या बाजूला सरकत होता! हळूहळू. मध्येच थांबत. मग गडप झाला, आणि थोड्या वेळानं पलीकडच्या कपारीपाशी वर आला. काठावरचे बेडूकही गप्प झाले होते.

"आसरा!" गोरख पुटपुटला. शेजारचा गोरख एरवी कुणाला न भिणारा, पण आता त्यानं अद्वयचा सदरा घट्ट धरला होता. "पाण्यातल्या देवी हायेत त्या. वटी आवडली न्हाई की परत करत्यात."

शेफाली निरखून बघायला पुढं वाकली. ती पिशवी तिच्या ओळखीची होती. सकाळीच सोनियाकाकूनं बाळासाठी डोहात ओटी सोडली होती, ती याच पिशवीतून.

मागं धप्पकन आवाज झाला. पोरांना हाका मारायला आलेल्या रतनबाई आजीच्या हातून पाण्याची कळशी पडली होती. तिनंही नारळ पाहिला होता.

झालं! घरात चूलही धड पेटली नाही. "सोनियाच्या हातची वटी नाकारली," आजी कपाळाला हात लावून बसली. "काय चुकलं गं बाई तुझं? उद्या सांजच्याला डोहात कमरंइतक्या पान्यात हुबं ऱ्हायचं आन् माफी मागायची. तवर घास खायचा न्हाई."

"आजी, अगं काकू बाळंतीण आहे! एवढ्या गारठ्यात?" शेफाली ओरडली.

"ल्हान त्वांडी मोटा घास नगं!"

काकू बाळाला छातीशी धरून मुकाट रडत होती. धनाजीकाका ताटातल्या भाकरीकडे बघत राहिला. शेफालीला काकाचा भयंकर राग आला.

सुट्टीला भोरहून आलेली ही बहीणभावंडं आणि गोरख दुसऱ्या दिवशी सकाळीच नारळ बाहेर काढायला डोहावर हजर! गोरखनं आंबे उतरवायची लांब आकडी आणि विळा आणला होता. पाण्यावर धुकं बसलं होतं. नारळ कपारीपाशीच डुलत होता.

"पाण्यात कुणीही उतरायचं नाही," शेफालीनं बजावलं. तिचे दात वाजत होते, आणि ते थंडीनंच असं तिनं ठरवून टाकलं. दगडांवरून पाय टाकत सगळी पलीकडच्या खडकावर गेली, आणि तिनं आकडी पिशवीत अडकवून ओढली.

पाण्याखालून कुणीतरी उलट ओढली!

"आई गं! सोड, ताई, सोड!"

"सोडू नका! धरा समदी!"

तिघांनी दम लावला. पाणी ढवळलं आणि धुक्यातून एक डोकं वर आलं. काळंभोर, गुळगुळीत. दोन मोठे गोल डोळे शेफालीकडे रोखून बघत होते. मागोमाग मांडीएवढं जाड अंग उथळ पाण्यात आलं. साप? नाही, डोक्यामागं माशासारखे पर होते. आणि गळ्याभोवती नायलॉनचं जाळं करकचून रुतलं होतं. पिशवीचे बंद त्याच जाळ्यात अडकले होते.

"मासा हाय ह्यो!" गोरख किंचाळला. "नारळ ह्योच वढत हुता. बिचाऱ्याला फास बसलाय!"

गोरखनं विळ्यानं जपून एकेक धागा कापला. अद्वयनं मोबाईलवर फोटो काढला आणि एकदम ओरडला, "माझी चप्पल!"

जाळ्याला तरंगायला निळ्या चपलेचे तुकडे बांधले होते. आल्या दिवशीच हरवलेली त्याची चप्पल! "बंडूनं नेली असंल," असं म्हणून काकानं सगळा आळ कुत्र्यावर ढकलला होता.

शेवटचा धागा तुटला. मासा क्षणभर तसाच पडून राहिला. मग एक वळसा, आणि खालच्या बाजूला, धुक्यात नाहीसा झाला.

फोटो भोरला मितालीमावशीला गेला. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिचा लगेच फोन आला.

"अरे, हा अहीर! समुद्रात जन्मतो, काचेसारखा पारदर्शक असतो तेव्हा. मग नदीनं वर येतो, वर्षानुवर्षं राहतो, आणि अंडी घालायला परत समुद्राकडे निघतो. डोळे मोठे झालेत ना? म्हणजे निघालाच होता. नेमका कुठं जाऊन अंडी घालतो, ते आजवर कुणी पाहिलेलं नाही."

"पण समुद्र तर घाटाखाली, कोकणात!" अद्वय म्हणाला.

"तुमची नदी तिकडे जात नाही. नीरा, भीमा, कृष्णा करत पार बंगालच्या उपसागराला जाते. वाटेत धरणं आहेत. आणि तुमची पिशवीही त्याच वाटेनं जाते."

ओसरीवर सगळे बसले होते. शेफालीनं माशाची सगळी हकीकत सांगितली आणि पिशवीसकट ओलं जाळं आजीपुढं ठेवलं. "आजी, आसरांनी अद्वयची चप्पल परत केली बघ. काका, कुणी कापली हो?"

धनाजीकाकाचा चेहरा उतरला. "बंडू..."

"बंडूला गाठी मारता येतात?"

आजीनं तुकडा हातात घेतला. "देवाच्या डोहात जाळं टाकलंस? बायकू रडत हुती, तवाबी त्वांड उघडलं न्हाईस?"

"फाटलं म्हून सोडून दिलं, आये. चुकलो," काका कसाबसा म्हणाला. मग काकूकडे वळला, पण तिनं मान फिरवली.

आजी मात्र पिशवीकडे बघत होती. "ही गाठ माजी हाय," ती हळूच म्हणाली. "तांदूळ भिजू नयेत म्हून म्याच बांधली." तिनं उठून स्वतःच्या हातानं काकूचं ताट वाढलं. "खा बाई. चूक आमची, आन् उपाशी तुला ठेवली."

संध्याकाळी काका डोहातून जाळ्याचे उरलेले तुकडे वेचत होता. काकूनं काठावरूनच पुन्हा ओटी सोडली, नुसत्या हातानं. तांदूळ पाण्यात विखुरले. नारळ डुलत डुलत सरळ खाली निघाला.

आजीनं तिन्ही पोरांच्या पाठीवरून हात फिरवला. "तुमी व्हता म्हून माजी सून पान्यात हुबी ऱ्हायली न्हाई. लई गुनाची पोरं!" मग अंधारत चाललेल्या पाण्याकडे बघत तिनं विचारलं, "शेफाली, पोचंल का गं त्यो मासा समुद्राला?"

"माहीत नाही, आजी."

आजीनं गुलाबी पिशवीची घडी करून कमरेला खोचली. "ही तरी त्याच्या आदी पोचायची न्हाई," ती म्हणाली, आणि बाळाला घ्यायला तिनं हात पुढं केले.