सोललेल्या बटाट्याची चकती

आता जे सांगतो त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि मला त्याचं काही वाटतही नाही. पण अळीने लग्न जमवल्याचं पुण्यातलं हे एकमेव उदाहरण, आणि त्याचा एकमेव साक्षीदार मी.

हे मी म्हणालो तेव्हा आमच्या घरी शेफाली आणि शुभंकरचं केळवण चाललं होतं. पानात पुऱ्या, बटाट्याची भाजी, आणि मधोमध श्रीखंडाचा डबा. डब्यावर झाकणाऐवजी ताटली. वाढणाऱ्या यमुनाबाई, म्हणजे आमच्या सौ., म्हणाल्या, "अहो, जेवू द्या त्यांना. त्यांची गोष्ट त्यांना माहीत आहे."

"अर्धीच माहीत आहे," मी म्हणालो, आणि सुरू केलं.

शेफाली गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारी, कर्वेनगरच्या या तिसऱ्या मजल्यावर, भाड्याने राहायला आली. शनिवार पेठेतली तिची इमारत पाडून नवी बांधायची होती. अंगणात अनंताचं झाड होतं, तिच्या आईने लावलेलं. आई गेली, झाड राहिलं होतं. जेसीबी येण्याच्या आदल्या दिवशी हिने त्याच्या बारा फांद्या कापल्या, कोकोपीट आणि मातीच्या ट्रेमध्ये खोचल्या आणि मांडीवर धरून रिक्षातून आणल्या. दुसऱ्या दिवशी झाड गेलं. आता या बारांतली एक जरी जगली तरी नव्या अंगणात अनंत फुलणार होता. एकही नाही जगली, तर संपलं.

महिन्याभरात पाच फांद्या बुडाशी काळ्या पडून मेल्या. उरल्या सात.

पोरीला संशय सगळ्यांवर. कोकोपीट विकणाऱ्यावर, टाकीच्या पाण्यावर, माझ्यावरसुद्धा! तिच्या घराची दुसरी किल्ली आमच्याकडे असते ना.

"तात्या, मी बँकेत गेले की माझ्या ट्रेला पाणी घालता का तुम्ही?"

"छे!" मी म्हणालो. आमच्या गॅलरीतल्या ओव्याच्या कुंडीत होडी चालेल इतकं पाणी मी घालतो, दुसऱ्यांसाठी उरणार कुठून?

भाद्रपदातली संध्याकाळ. बाहेर भुरभुर पाऊस, लिफ्टमध्ये दोन ओल्या छत्र्या. एक शेफालीची, दुसरी शुभंकरची. हा पाचव्या मजल्यावरचा, अकोल्याचा. कृषी महाविद्यालयात किडे शिकला आणि नोकरी लागली सॉफ्टवेअरमध्ये. दोघं एकमेकांना ओळखत नव्हते. तेवढ्यात तिच्या चष्म्यासमोर एक इवलंसं काळं चिलट घिरट्या घालू लागलं... आणि याने फाडकन टाळी वाजवली! तिच्या नाकापासून दोन बोटांवर.

"अहो, काय करताय?"

"चिलट होतं जी."

"आणि ते मारायला माझंच नाक सापडलं?"

"नाक सुखरूप आहे." त्याने तळहात उघडून निरखला. "हे केळ्यांवरचं नाही. पाय लांब आहेत. ओल्या मातीतल्या बुरशीवर जगणारं आहे हे. तुमच्या घरी नवीन लावलेल्या फांद्या आहेत का? खालून काळ्या पडणाऱ्या?"

शेफालीचे डोळे बारीक झाले. "तुम्हाला काय माहीत? घरात डोकावता माझ्या?"

"पाचव्यावरून तिसऱ्यावर डोकावायला... मान केवढी लागेल?"

ती हसली नाही. पण हसू दाबताना तिच्या गालाला जी खळी पडली, ती मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. लिफ्टच्या कोपऱ्यात, भाजीच्या पिशवीआड उभा होतो मी.

"त्या संध्याकाळी तुम्ही गुडघ्याला शेक घेत पडला होतात," यमुना म्हणाली.

गोष्टीत बायकोने बोलू नये. असो.

शुक्रवारी त्याने तिला बटाटा चिरायला सांगितला. "जाडसर चकती करायची, मातीवर ठेवायची. रविवारी उलटून बघू. अळ्यांना मुळांपेक्षा बटाटा आवडतो."

"आणि रविवारी तुम्हाला माझ्याकडचा चहा आवडतो, असं नाही ना?"

"अजून प्यायलो कुठे?"

रविवारी दहाला चकती उलटली. खाली काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या अळ्या वळवळत होत्या, प्रत्येकीचं डोकं काळं, चकचकीत. त्याने मोबाइल जवळ नेऊन चित्र मोठं केलं. दोघांची डोकी एका पडद्यावर वाकली. "उड्या मारणारे पांढरे किडे असते तर सोडून दिलं असतं, ते बिचारे काही करत नाहीत. या सरपटतात. फांदीला फुटलेलं कोवळं मूळ याच खातात." मी भिंतीला कान लावला, तर कुरतडल्याचा आवाज येत होता, शपथेवर सांगतो.

मग उपाय सुरू. वरून पाणी बंद, फक्त पानांवर फवारा, म्हणजे फांदी सुकत नाही आणि मातीचा वरचा थर कोरडा पडतो. त्यावर बोटभर जाड वाळू, चिलटांना अंडी घालायला जागाच नको. उडणाऱ्यांसाठी पिवळे चिकट कागद. आणि डासांच्या अळ्या मारणाऱ्या जिवाणूची पावडर पाण्यात कालवून, दर रविवारी.

"दर रविवारी?" शेफाली म्हणाली. "एकदाच जास्त घातली तर?"

"आज अळ्या मरतील. अंडी राहतील, ती नंतर फुटतील. चार रविवार तरी लागतात."

"हा नियम किड्यांचा की तुमचा?"

"पुस्तकात आहे."

"मग पुस्तक आणा."

पुढच्या रविवारी हा पावसात भिजला, पुस्तक शर्टाच्या आत कोरडं. तिने पान उघडून ओळ वाचली, मगच त्याला टॉवेल दिला. आणि टॉवेल देताना... जाऊ दे, माणसं जेवतायत.

दुसऱ्या रविवारी अकरा अळ्या, तिसऱ्या रविवारी चार. मधे एक फांदी गेली, सहा उरल्या, पण त्यांना वर पोपटी पान फुटलं. चौथ्या रविवारी चकती उलटली तर खाली एकही अळी नाही.

नाचायला हवं होतं दोघांनी. दोघं नुसते चकतीकडे बघत राहिले.

"संपलं म्हणायचं," तो म्हणाला.

"हो ना..." तिने ट्रे उगाच इकडचा तिकडे केला. "खात्रीसाठी अजून एक चकती?"

"ठेवू या," तो जरा जास्तच लवकर म्हणाला.

पाचवा रविवार. चकती उलटली, तर खाली अळ्यांची जत्रा! शुभंकरने डोळे विस्फारले. काय अभिनय केला पोराने! पण शेफाली चकतीकडे बघत होती. चकती सोललेली होती. शेफाली बटाटा कायम सालासकट चिरते. आणि चकतीखाली श्रीखंडाच्या डब्याचं झाकण होतं, एका कडेला गॅसने वितळलेलं. एकही अळी मातीत जाऊ नये म्हणून.

कोणीतरी अळ्या आणून ठेवल्या होत्या, आणि फांद्यांना जपूनही ठेवल्या होत्या. तिने मान वर केली.

"तू ठेवलीस?"

पाच रविवारांत पहिल्यांदा 'तू'. तो तिच्याकडे बघत राहिला. बाहेर पन्हळीतून पाणी टपटपत होतं.

"...हो."

"काहून?" तिने त्याच्याच अकोल्याच्या सुरात विचारलं.

"रविवार संपत होते ना."

शेफालीने चष्मा काढला, ओढणीने पुसला, पुन्हा लावला. काच स्वच्छच होती. म्हणाली, "वेड्या, रविवारी यायला अळ्या कशाला लागतात?"

आणि अशा रीतीने, मंडळी...

"झाकण कसलं म्हणालात?" यमुनाचा वाढायचा चमचा हवेतच थांबला होता.

गोष्ट रंगली की मी वाहवत जातो, हा माझा जुना दोष.

"श्रीखंडाच्या डब्याचं," शेफाली म्हणाली. "का हो, काकू?"

"कडेला वितळलेलं?" यमुनाने डब्यावरची ताटली उचलून सगळ्यांना दाखवली. "नवरात्रापासून शोधतेय मी ते!"

शेफालीने स्वतःच्या पानातल्या भाजीकडे बघितलं. एका फोडीलाही साल नव्हतं.

"साल असेल तर यांच्या घशाखाली उतरत नाही," यमुना म्हणाली. "स्वतः सोलून देतात मला. आणि अळ्या हव्यात तर तो ओवा बघ गॅलरीतला."

शेफाली सावकाश शुभंकरकडे वळली. त्याचे कान लाल झाले होते.

"म्हणजे तू नव्हतास."

"नव्हतो जी."

"मग हो काहून म्हणालास?"

"नाही म्हटलं असतं तर तू खरा चोर शोधायला लागली असतीस." तो पुरीशी चाळा करत म्हणाला. "आणि माझ्याकडे तशी बघत होतीस ना... ते थांबलं असतं."

आपली श्रीखंडाची वाटी तिने त्याच्या पानाकडे सरकवली. मी संधी साधली.

"तर त्या सहा फांद्यांना पुढे असा बहर आला, की खडकवासल्यापर्यंत वास..."

"तात्या!" शेफालीने माझ्यावर बोट रोखलं. "अजून एक कळी नाही आली त्यांना! आणि एकमेव साक्षीदार म्हणे! साक्षीदार कसले, आरोपी आहात तुम्ही!"